मैलापूरची दोन चर्चे

मैलापूरला जाणारा मराठी माणूस बहुधा कपालीश्वराच्या दर्शनासाठी जातो. मीही त्याचसाठी गेलो होतो. पार्वतीने मोराचे रूप घेऊन जेथे शंकराची आराधना केली, ते हे मोरांचे गाव. दर्शन आटोपून मी पूर्वेकडे चालू लागलो, तो समुद्राची हवा लागली आणि समोर एक पांढराशुभ्र मनोरा आभाळात चढलेला दिसला. ते सान्तोम चर्च.

आत पाऊल टाकले आणि श्रोतेहो, मी थबकलोच. दोन्ही बाजूंना टोकदार कमानी, वर नजर खेचून नेणारे छत आणि रंगीत काचांतून गाळून आलेले ऊन. गोल कमान आपला भार दोहो बाजूंना रेटते. टोकदार कमान तो पुष्कळसा सरळ खाली उतरवते. म्हणून भिंतींना थोडी सवड मिळते आणि त्या सवडीत उंच खिडक्या बसतात. मद्रासच्या उन्हाला असे मवाळ झालेले मी प्रथमच पाहत होतो. "तेराव्या शतकातले असेल, नाही?" मी माझ्या यजमानांना विचारले. ते निवृत्त स्थापत्य अभियंता. मिस्कील हसून म्हणाले, "सहाशे वर्षांनी चुकलात. हे 1896 चे!"

मी मनातून खट्टू झालो, हे कबूल करतो. मध्ययुग म्हणून ज्याला नमस्कार केला, ते इंग्रजी अमदानीतले गॉथिक निघाले! पण इमारत नवी असली, तरी जागा नवी नाही. ख्रिस्ताचा शिष्य थॉमस येथे पुरला गेला, अशी फार जुनी श्रद्धा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या स्थानाची हकीकत लिहिली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी थडग्यावर चर्च बांधले. ते पाडून आजचे उभे राहिले. म्हणून याला मनोरेही दोन : एक दर्शनी, दीडशे फुटांहून उंच, दुसरा ठेंगणा, थडग्याची जागा दाखवणारा. गोव्याला ज्याचे शव आहे, तो फ्रान्सिस झेवियरही 1545 मध्ये येथे येऊन राहिला होता.

परतताना यजमानांनी एक गोष्ट सांगितली. कपालीश्वराचे मूळ देऊळ समुद्रकाठी होते आणि ते पोर्तुगीजांच्या काळात नष्ट झाले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आज मी पाहिले, ते नंतर आत सरकून बांधलेले. ते हे अगदी सहज सांगत होते. मला मात्र नाशिकच्या नारोशंकराची घंटा आठवली. 1721 साल कोरलेली ती पोर्तुगीज घंटा वसईच्या 1739 च्या विजयानंतर गोदाकाठच्या शिवमंदिरावर चढली. लहानपणी तिच्या आवाजाचा मला कोण अभिमान! ती ज्या चर्चमध्ये वाजत असे, तेथल्या लोकांना काय वाटले असेल, हा प्रश्न तोवर मला कधी पडला नव्हता. यजमानांना मी घंटेची हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला, तुम्हाला खरे जुने दाखवतो."

ते लुझ चर्च. पोर्तुगीज भाषेत लुझ म्हणजे प्रकाश. वाट चुकलेल्या खलाशांना किनाऱ्यावर एक उजेड दिसला, त्यामागोमाग ते आले आणि उजेड जेथे मावळला तेथे त्यांनी हे चर्च बांधले, अशी आख्यायिका आहे. त्या वेळी येथे रान असावे. कारण तमिळ लोक याला अजून काट्टु कोविल, म्हणजे रानातले देऊळ म्हणतात. चर्चला 'कोविल' म्हणण्यात त्यांना काही वावगे वाटत नाही, हे मला फार आवडले. सान्तोमपुढे हे अगदीच लहान. नजर उंच चढत नाही. वेदीवरच्या निळ्या छताशी विसावते. कोणी दिपून जावे असे येथे काही नाही, आणि तरीही मी सान्तोमपेक्षा येथेच अधिक वेळ बसलो.

निघताना यजमानांनी शिलेवरच्या सालाकडे बोट दाखवले : 1516. "आता बरोबर वाचा हं," ते म्हणाले.