देवी गेल्या त्या कशा?

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



जागतिक संघटना म्हटले की परदेशातली मोठी सभागृहे आणि लांबलचक ठराव डोळ्यांपुढे येतात. ठरावांचे मला एरवी फारसे कौतुक नाही. परंतु एक ठराव आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचला, त्याची हकीकत सांगते.

पूर्वी मुलाला देवी आल्या की दाराशी कडुनिंबाचा पाला लागे, फोडणी बंद होई, परक्याला आत मज्जाव असे. घरची बाई बाहेर अवाक्षर काढीत नसे. देवीचा कोप होईल ही धास्ती. हा रोग पृथ्वीवरूनच घालवावा अशी सूचना 1958 साली जागतिक आरोग्य संघटनेपुढे आली ती सोव्हिएत रशियाकडून. 1967 पासून मोहिमेला जोर चढला, तेव्हा तिचे प्रमुख होते अमेरिकेचे डॉ. हेंडरसन. दोन्ही देश एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले, आणि आपल्याकडे येणारी लस मात्र रशियाची!

1974 साली भारतात सुमारे 1,88,000 जणांना देवी आल्या. बिहारात साथ भडकली होती. टाटानगरहून गावोगाव निघालेल्या माणसांबरोबर ती आगगाडीने दूरवर गेली. हे टाटानगर आपल्याच मुंबई–हावडा मार्गावरचे. बडनेऱ्याच्या बायकांना गाडीबरोबर काय काय येते ते निराळे सांगायला नको.

सरसकट टोचून भागेना, तेव्हा रोगी हुडकून त्याच्या आसपासच्या सर्वांना टोचायचे ठरले. आपल्या सरकारचे हजारो कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे चित्र दाखवीत दारोदार हिंडले. खबर देणाऱ्याला इनाम लावले. ते वाढत वाढत 1000 रुपयांवर गेले. पण आतल्या खोलीत कोण निजले आहे, हे घरच्या बाईखेरीज सांगणार कोण? जिनिव्हाच्या साहेबाची धाव उंबरठ्यापर्यंतच. तिने तोंड उघडले तेथे काम झाले.

मे 1975 नंतर भारतात देवीची नवी लागण झाली नाही. 8 मे 1980 रोजी सारे जग मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तुमच्याआमच्या दंडावरचा तो व्रण नातवंडांच्या दंडावर नाही.

या रोगाचे विषाणू आता अधिकृतपणे दोनच प्रयोगशाळांत कुलुपात आहेत, एक रशियात, दुसरी अमेरिकेत. त्यांची तपासणी करते ही संघटना. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने संघटना सोडण्याचा निर्णय जाहीर केला. ती बातमी वाचताना मला प्रथम आठवले ते हे कुलूप.