ताटाचा फोटो
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. दहा मिनिटांच्या वर बोलायचं नाही आणि कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. पहिली पाळीन. दुसरी अर्धीच पाळता येईल, कारण गेली काही वर्षं मी जे सॉफ्टवेअर लिहिते ते आहारतज्ज्ञांसाठी आहे. त्यांचे पेशंट रोज जे खातात त्याचे फोटो त्यात जमा होतात. विषय मात्र आपल्या वयाचा आहे. दहावी होऊन तीस वर्षं झाली. आज नाश्त्याच्या वेळी पर्समधून आणि खिशांतून गोळ्यांच्या किती स्ट्रिप बाहेर आल्या, ते सगळ्यांनीच पाहिलं.

आहारतज्ज्ञाकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल दिवसभरात काय काय खाल्लंत? नाहीतर तीन दिवसांची वही लिहून आणायला सांगतात. त्या वहीत साधारण असं असतं: सकाळी पोहे. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. संध्याकाळी चहा. रात्री हलकं. आता हे "हलकं" म्हणजे काय? पोहे बशीभर की ताटलीभर? पोळी केवढी? चहाबरोबरची खारी कुठे गेली?

माणसं मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यू यॉर्कच्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेली दहा माणसं त्यांनी निवडली. त्यांना विशिष्ट समस्थानिकं असलेलं पाणी प्यायला दिलं. त्यावरून शरीर रोज किती ऊर्जा खर्च करतं हे लघवीच्या तपासणीतून काढता येतं, आणि ते कळलं की खाणं किती असणार हेही कळतं. ही माणसं प्रत्यक्षात जेवढं खात होती, त्याच्या जेमतेम निम्मं त्यांनी नोंदवलं होतं. नोंदीत सरासरी ४७ टक्के कमी! यात लबाडी कमी आणि विसर जास्त, असं माझं मत आहे. जाता-येता तोंडात टाकलेलं खाणं आपण खाण्यात धरतच नाही.

म्हणून फोटो. अमेरिकेत लुइझियानामधल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रात याची एक पद्धत बसवली गेली. जेवणाआधी एक फोटो, जेवण झाल्यावर ताटात काय उरलं त्याचा दुसरा, आणि शेजारी ठरावीक मापाचं एक कार्ड, म्हणजे ताटाचा आकार समजतो. घरी कार्ड नसेल तर चमचा चालतो. आपल्याकडे वाटीच्या मापात बोलायची पद्धत आहे, पण प्रत्येक घरची वाटी वेगळी. माहेरची वाटी आणि सासरची वाटी यांतला फरक समोरच्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

यानंतर सगळे विचारतात, मग फोटोवरून कॅलरी कॉम्प्युटरच मोजतो ना? मी याच व्यवसायात आहे, तरी सांगते, त्या आकड्यावर फार विसंबू नका. पदार्थ ओळखायला कॉम्प्युटरला शिकवण्यासाठी जगभर वापरला गेलेला एक जुना फोटोसंग्रह आहे, 'फूड-१०१' नावाचा, २०१४ सालचा. त्यात १०१ पदार्थांचे प्रत्येकी हजार फोटो. त्यात आपला समोसा आहे, पण भाकरी नाही, वरण-भात नाही, थालीपीठ नाही. आता त्यापेक्षा पुष्कळ चांगले संग्रह झाले आहेत, तरी मूळ अडचण उरतेच. फोटोत वरचा थर दिसतो. आमटीच्या तळाशी डाळ किती, चहात साखर एक चमचा की तीन, भाजीला तेल किती, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. पदार्थ ओळखला गेला तर पुढचं काम सोपं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली आहेत. पण ती कच्च्या मालाची. तुमच्या कढईत काय पडलं ते तुम्हालाच माहीत.

तेलासाठी आमच्याबरोबर काम करणाऱ्या एक आहारतज्ज्ञ ताई वेगळाच प्रश्न विचारतात: महिन्याला किती तेल आणता आणि घरात माणसं किती? समजा पाच लिटरचा डबा आणि माणसं चार. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. चार जणांत आणि तीस दिवसांत वाटलं, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेतीनशेच्या आसपास. हे गणित आपल्या सरांनी सातवीत तोंडी सोडवून घेतलं असतं. त्याला माझं ॲप लागत नाही.

मग फोटोचा उपयोग काय? मला विचाराल तर सगळ्यात मोठा उपयोग वेळेचा. फोनमधल्या प्रत्येक फोटोला तारीख-वेळ चिकटलेली असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की त्यातली ही माहिती गळून जाते, म्हणून आम्ही फोटो ॲपमध्येच काढायला लावतो. सत्तरीच्या एका आजींचं उदाहरण देते. मधुमेह होता आणि अधूनमधून सकाळी चक्कर, घाम, हातपाय थरथरणं. घरचे म्हणायचे, वय झालं. त्यांची वही अगदी नीटनेटकी, नाश्त्याला रोज काही ना काही लिहिलेलं. फोटो सुरू झाल्यावर दिसलं की नाश्त्याची वेळ साडेअकरा. गोळी आठला आणि पूजा, नैवेद्य, सगळ्यांचं आवरून मग खाणं. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. त्या घेऊन तीन-साडेतीन तास पोटात काही गेलं नाही, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. ताईंनी त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. गोळीची वेळ बदलली आणि आजींनी पूजेआधी थोडं खायला सुरुवात केली. देव रागावणार नाही, हे त्यांना पटवायला मात्र दोन आठवडे लागले. वहीत पोहे खरे होते, वेळ नव्हती. आणि वेळ विचारायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

आमच्या टीममध्ये एकदा वाद झाला होता. तरुण मुलांना हवं होतं की फोटो आल्याबरोबर त्यावर हिरवा किंवा लाल ठिपका द्यावा. ताईंनी साफ नाही म्हटलं आणि मी त्यांच्या बाजूने होते. लाल ठिपका दिसला की माणूस वडापाव सोडत नाही, वडापावचा फोटो काढायचं सोडतो. मग आमच्याकडे कोशिंबिरींचे सुंदर फोटो जमतात आणि तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट वेगळंच सांगतो. आता पेशंटला आकडा दिसत नाही, ठिपका दिसत नाही. ताईंचा एखादा प्रश्न तेवढा येतो. आणि त्या आलेल्या फोटोंइतकंच न आलेल्या फोटोंकडे बघतात. रविवार रिकामा का? रात्री दहानंतर काहीच का नाही?

न आलेल्या फोटोंमध्ये बायकांचा वाटा मोठा आहे, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. नवऱ्याच्या, मुलांच्या ताटाचा फोटो काढता येतो. ओट्याशी उभं राहून संपवलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, वाया जाऊ नये म्हणून खाल्लेली कालची भाजी, यांना ताटच नसतं. ताई सांगतात, पातेल्याचाच फोटो काढा, उरलेलं संपवण्याआधी. पहिल्या आठवड्यात बायका हसतात. नंतर काही जणी फोन करून विचारतात, "मी दिवसातून एकदाही बसून जेवत नाही, हे तुम्हाला दिसलं का?"

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते. ज्यांचं खाण्याशी नातं आधीच बिघडलेलं आहे, विशेषतः वजनाच्या भीतीने उपाशी राहणाऱ्या तरुण मुली, त्यांना प्रत्येक घासाचा फोटो काढायला लावू नये. त्याने आजार बळावू शकतो. आणि दुसरं, फोटोत ताटाच्या मागे काय आहे ते बघा. औषधांची पाकिटं, नातवंडं, कधी ठिकाणाची माहितीसुद्धा. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. आपले फोटो कोण बघतं, किती दिवस ठेवतं आणि ते पुसून मागता येतात का, हे ॲपवाल्यांना बेधडक विचारा. मलासुद्धा.

ज्यांची कोणा आहारतज्ज्ञाकडे वेळ ठरली आहे, त्यांनी ॲप नसलं तरी चार दिवस फोटो काढून न्या. त्यात एक रविवार असू द्या, एक उपवासाचा दिवसही. साबुदाण्याच्या खिचडीला उपवास म्हणणारे आपण, तो फोटो हवाच.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत आणि मागे पानं मांडायला सुरुवात झालेली दिसते. ज्यांनी साखरेची गोळी घेतली आहे त्यांनी आभारप्रदर्शनाची वाट बघू नका, आधी जेवायला बसा.