जखमेचीही नोंद पाहिजे



दिवाळी झाली की आपल्या टोळ्या बारामती-इंदापूरला ऊसतोडीला निघतील. तिथं काट्यावर गाडीचं वजन किलोपर्यंत कॉम्प्युटरात जातं. पण कोयता पायावर बसला, साप चावला, मोळी घेऊन बाई फळीवरनं पडली, तर कुठं लिहितात? कुठंच नाही. दवाखान्याचा खर्च मात्र मुकादम उचलीत बरोबर धरतो!

भरपाईच्या कायद्यात ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही आहे. दाव्याला मुदत २ वर्षं. पण पुरावा लागतो. म्हणून यंदा आम्ही टोळीमागं एक वही देतोय. तारीख, फड, नाव, काय लागलं, कुणी पाहिलं, त्याच रात्री लिहा. दवाखान्याची चिठ्ठी तिच्यातच ठेवा. मुकादमाची सही मागा. नाही दिली तर तेही लिहा.