रक्षा : खेळातली आणि घरातली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जानकीपुरम, लखनौ येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज मुलांच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. हा विषय मला माझ्या नातीने दिला आणि तो वाटला तितका हलका निघाला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या इथल्या गच्चीवर चार-पाच मुले रोज तिन्हीसांजेला जमत. खेळ परदेशी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने प्रसिद्ध केला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी योद्धा, वैद्य, चोर अशी सोंगे घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून एक अद्भुत कथा पुढे न्यायची. संकट आले की वीस पैलूंचा फासा टाकायचा. या खेळाच्या एका आवृत्तीत पवित्र जलाचे नियम दिले आहेत. एका कुपीची किंमत २५ सुवर्णमुद्रा. पुरोहिताने तासभर विधी करून, तितक्याच किमतीची चांदीची पूड खर्चून ते तयार करायचे. पिशाच्चावर कुपी फेकली की सहा पैलूंचे दोन फासे टाकून त्याला किती इजा झाली ते ठरवायचे.

आमच्या मुलांनी कथा सह्याद्रीत आणली होती. किल्ला, वेताळ, पिंपळावरचा मुंजा, सारे काही होते. एके दिवशी नात वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, आम्हांला पवित्र पाण्याऐवजी अंगारा ठेवायचाय. त्याचे नियम सांगा ना."

मी हसलो खरा, पण उत्तर सुचेना. साठ वर्षे कपाळाला अंगारा लावला. त्याचे नियम कधी कोणी विचारले नव्हते.

आपली भाषाच येथे पहिली मदत करते. राखेला मराठीत आपण 'रक्षा' म्हणतो आणि रक्षणालाही 'रक्षा'च म्हणतो. बृहज्जाबाल उपनिषदात भस्माची विभूती, भसित, भस्म, क्षार आणि रक्षा अशी पाच नावे दिली असून भूतपिशाच्चांच्या भयापासून राखते म्हणून 'रक्षा' अशी फोड केली आहे. म्हणजे मुलांचा प्रश्न पोरकट नव्हता. तो फार जुना होता. दिवेलागणीला आपण रामरक्षा म्हणतो, तिच्यातही मस्तकापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या स्वाधीन केलेला असतो. चिलखत चढवण्याचाच तो प्रकार आहे.

मग मी नातीला पहिला नियम सांगितला : अंगारा विकत मिळत नाही. धूप विकत आणता येईल, पुडीचा कागदही विकत आणता येईल. पण देवापुढे जळून उरलेली ती चिमूट कोणीतरी दिलेली असावी लागते. दुसरा नियम त्यातूनच निघतो. आपल्या घरांत अंगारा बहुधा दुसऱ्याने लावायचा असतो. आई लावते, आजी लावते. तेव्हा खेळात योद्ध्याला तो स्वतःच्या कपाळी लावता येऊ नये. सोबत्याने आपली पाळी सोडून त्याला लावावा.

तिसरा नियम जेजुरीचा. येथे वाढलेल्या आपल्या मुलांना 'भंडारा' म्हटले की ज्येष्ठातला बडा मंगल आठवतो. अलीगंजच्या हनुमान मंदिरापासून रस्तोरस्ती मांडलेल्या पुरी-भाजीच्या पंगती आठवतात. खंडोबाचा भंडारा म्हणजे हळदीची पूड, हे त्यांना मुद्दाम सांगावे लागते. जेजुरीच्या पायऱ्यांवर ती उधळली की शेटजी आणि हमाल एकाच रंगाचे होतात. पण तिचे आणखी एक काम होते. मराठेशाहीत बेल आणि भंडारा उचलून शपथ घेत. त्यालाच बेलभंडार म्हणत. ज्या हळदीने रक्षण मागायचे, तीच हातात घेऊन शब्द द्यायचा. म्हणून खेळातही अंगारा घेणाऱ्याने एक वचन द्यावे. वचन मोडले की त्याचे बळ संपले.

मुलांना हे तिन्ही नियम पसंत पडले. मग एकाने विचारले, "अंगारा लावला की साप चावला तरी काही होणार नाही ना?" फासा कितीही आला तरी विष उतरावे, असे त्याला हवे होते.

येथे मी थांबलो. आज जे सांगतो आहे, ते तोपर्यंत घरात कोणाला सांगितले नव्हते.

आमचे गाव मराठवाड्यातले. मी दहा वर्षांचा असताना श्रावणात माझ्या धाकट्या भावाला गोठ्यात साप चावला. त्याला उचलून देवळात नेले. अंगारा लावला, पाण्यातून पाजला, दंडाला दोरा बांधला. रात्रभर माणसे बसून होती. माया कमी नव्हती. तालुक्याचा दवाखाना आठ कोसांवर होता आणि बैलगाडी दारात उभी होती. ती पहाटे जुंपली. तो वाटेतच गेला.

त्या काळीही सर्पविषावर लस होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण जाणताच. सापाचे विष थोडे थोडे घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात विषाशी झुंजणारी द्रव्ये तयार होतात, आणि त्यांतून औषध करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर आज ते चालते. मात्र ते वेळेवर पोचावे लागते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा ठरला. ते कलम वाचताना मला दारातली ती बैलगाडी दिसली.

आईने त्यानंतर अंगारा सोडला नाही. देवावर रागावलीही नाही. मात्र घरात कोणाला ताप आला की ती आधी पायात चपला घालायला लावी. डॉक्टरकडून परतल्यावर उंबऱ्यात अंगारा लावी. चौथा नियम तिचा आहे : आधी औषध, मग अंगारा.

आपण ज्या शहरात राहतो, तेथील कथाकारांनाही हे ठाऊक होते. येथल्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड काढले. त्या मायानगरीवर चालून जाणाऱ्या वीराजवळ एक 'लौह', म्हणजे पाटी असते. ती पाटी लढत नाही. पुढे काय करायचे ते सांगते. करायचे त्यालाच असते, आणि पाटी न पाहता पाऊल टाकले की तो अडकतो.

मुलांनी चौथा नियम मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. दोन दिवसांनी त्यांच्या कथेत किल्ल्याच्या चोरदरवाजाशी एकाला घोणस चावली. फासा टाकायची वेळ आली. नातीने फासा खाली ठेवला, सोबत्याला पाठीवर घेतल्याचे सांगितले आणि ती तीन डाव वैद्याच्या गावाकडे चालत राहिली. खजिना दुसऱ्यांनी नेला. सोबती वाचला. मग तिने अंगारा लावला.

बंधुभगिनींनो, परमुलखात आपल्या मंडळाने पन्नास वर्षे काय केले, असे कोणी विचारील. संकटे मंडळाने टाळली नाहीत; ती कोणालाच टळत नाहीत. पण रात्री-अपरात्री कोणाच्या दारात रिक्षा आणून उभी केली, दवाखान्याच्या बाकावर सोबत केली आणि माणूस घरी परतल्यावर त्याच्या कपाळाला बोट लावायला कोणीतरी उभे राहिले. माझ्या आईचा नियम आपण न लिहिताच पाळत आलो आहोत. पुढच्या पन्नास वर्षांसाठी तो लिहून ठेवावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.