ब्रिटनमधील लागर बिअर : दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील एक रखडलेला उद्योग



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. ज्या प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, तेथे वसंत व्याख्यानमालेत बिअरवर बोलायचे, हे जरा धाडसाचेच. यास्तव प्रारंभीच खुलासा करतो, की आम्ही येथे मद्याची तरफदारी करावयास उभे राहिलेलो नाही आणि निषेध करावयासही नाही. आम्हांला कुतूहल आहे ते एका प्रश्नाचे. एखादा समाज काय खातो, काय पितो, हे ठरवतो कोण? त्याची जीभ, की आणखी कोणी? या प्रश्नाची उकल करावयास ब्रिटनमधील लागर बिअरचा इतिहास, विशेषतः १९१८ ते १९३९ या एकवीस वर्षांचा, फार उपयोगी पडतो.

प्रथम लागर म्हणजे काय, ते पाहू. बार्लीला मोड आणून ती भट्टीत सुकवतात, भरडून गरम पाण्यात कालवतात, त्या गोड काढ्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळतात आणि थंड झाल्यावर त्यात यीस्टचे विरजण घालतात. येथवर सगळ्या बिअरी सारख्या. फरक पडतो तो विरजणात आणि ऊबेत. इंग्लंडची जुनी बिअर, जिला एल म्हणतात, ती साधारण १५ ते २० अंश सेंटिग्रेडच्या ऊबेत आंबते. तिचे यीस्ट वर फेसात तरंगते आणि काही दिवसांत काम उरकते. लागरचे यीस्ट निराळे. ते थंडीत, दहा अंशांच्या आत-बाहेर, सावकाश काम करते आणि तळाशी बसते. त्यानंतर ती बिअर गोठणबिंदूच्या जवळपास थंड अशा तळघरात आठवडेच्या आठवडे, कधी तीन-तीन महिने, ठेवावी लागते. जर्मन भाषेत साठवून ठेवणे या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरूनच लागर हे नाव पडले. आपल्या भगिनींना एका शब्दात सांगावयाचे, तर लोणचे मुरते तशी ही बिअर मुरावी लागते. हे मुरणे नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

आता एक गंमत पाहा. या लागरची विद्या जर्मनांची खरी, परंतु त्या विद्येच्या पायाचे काही दगड इंग्लंडातून गेलेले आहेत. १८३३ साली म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेअर हे दोन तरुण ब्रिटनमधील कारखाने पाहावयास आले. त्या काळी बिअरच्या धंद्यात इंग्रज साऱ्या जगाच्या पुढे होते. काढ्यातील साखरेची घनता मापकाने मोजणे, भट्टीवर फिकट रंगाचे माल्ट तयार करणे, या गोष्टी येथेच रुजल्या होत्या. या दोघा पाहुण्यांनी पोकळ काठीत चोरून नमुने घेतले, अशी हकीकत सांगतात. ते परत गेले आणि त्यांनी आपापल्या गावी या ज्ञानाला थंड तळघरांची जोड दिली. १८४२ साली बोहेमियातील पिल्सेन गावी योझेफ ग्रोल याने सोनेरी रंगाची लागर काढली आणि ती हळूहळू सगळ्या युरोपखंडात पसरली. पुढे कार्ल फोन लिंडे याच्या शीतयंत्रांमुळे डोंगरातल्या गुहांची आणि तळ्यावरच्या बर्फाची गरज उरली नाही. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. शिष्याने गुरूची विद्या घ्यावी, तिच्यात भर घालावी आणि गुरूने मात्र शिष्याकडे पाहूही नये, असा हा प्रकार झाला.

गुरूने अगदीच पाहिले नाही, असे मात्र नाही. १८८२ साली लंडनजवळ टॉटनमला आणि वेल्समधील रेक्सम गावी लागरचे कारखाने उभे राहिले. रेक्समच्या कारखान्यामागे युरोपखंडातून इंग्लंडात येऊन स्थायिक झालेली माणसे होती. ग्लासगोच्या ह्यू टेनंट या तरुणाने १८८५ साली वेलपार्कच्या आपल्या वडिलार्जित कारखान्यात लागर काढली. जर्मनीतून तज्ज्ञ आणून नवी इमारत बांधावयास घेतली, परंतु ती पुरी होण्यापूर्वीच १८९० साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. टॉटनमचा कारखाना विसावे शतक उजाडते न उजाडते तोच बंद पडला.

सर्वांत बोधप्रद कथा आहे ती बर्टनच्या ऑलसॉप कंपनीची. या घराण्याची भरभराट ज्या फिकट एलने झाली, ती एल आपल्या देशातील गोऱ्या साहेबांसाठी १८२० नंतरच्या दशकात काढलेली होती. म्हणजे हिंदुस्थानच्या उन्हाळ्यानेच या घराण्याला हात दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. या कंपनीने १८९९ साली सुमारे ८० हजार पौंड खर्चून लागरचा अद्ययावत कारखाना उभारला. गिऱ्हाईक मात्र मिळेना. त्यातच पब विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा वाढला आणि १९११ साली कंपनीवर रिसीव्हर नेमण्याची पाळी आली. यंत्रे उत्तम, पाणी उत्तम, नाव मोठे, आणि तरीही दिवाळे!

अशा स्थितीत १९१४ चे महायुद्ध आले. लागर म्हणजे जर्मन, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के होते. १९१५ च्या मे महिन्यात ल्युसिटानिया बोट बुडाल्यावर जर्मन नावांची दुकाने जमावांनी फोडली. अशा दिवसांत जर्मन वळणाची वस्तू विकणे हे सोपे काम नव्हते. दुसरीकडून सरकारनेही एकंदर मद्यधंद्याला लगाम घातला. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि दारू या तीन शत्रूंत दारू हाच मोठा, अशा आशयाचे उद्गार लॉइड जॉर्ज यांनी काढले होते. पबच्या वेळा कापल्या, दुपारी ते बंद ठेवण्याची चाल पडली आणि १९२१ च्या कायद्याने ती कायम झाली. अबकारी तर विचारूच नका. युद्धापूर्वी प्रमाणित घनतेच्या ३६ गॅलनांच्या पिंपावर ७ शिलिंग ९ पेन्स कर होता, तो १९२० साली १०० शिलिंगांवर गेला. कर चुकवता येत नाही म्हणून कारखानदारांनी बिअर पातळ केली. गिऱ्हाइकानेही हात आखडता घेतला. १९३३ च्या सुमारास ब्रिटनमधील बिअरचे उत्पादन महायुद्धापूर्वीच्या साधारण निम्म्यावर आले होते.

अशा पडत्या बाजारात नवा डाव मांडणारी माणसे निघाली, हेच नवल. लंडनच्या साउथवर्कमधील बार्कली पर्किन्स ही पेढी त्यांतली अग्रणी. हा कारखाना एके काळी डॉ. जॉन्सन यांचे स्नेही थ्रेल यांचा. थ्रेल वारल्यावर १७८१ साली तो १ लाख ३५ हजार पौंडांना विकला गेला, तेव्हा त्या व्यवहारात स्वतः जॉन्सन एक व्यवस्थापक होते. याच कारखान्यात १८५० साली हाइनाउ नावाचा ऑस्ट्रियन सेनापती पाहुणा म्हणून आला असता, हंगेरीतील त्याच्या क्रौर्याची वार्ता ऐकून खवळलेल्या गाडीवानांनी त्याला झोडपून पळवून लावले होते. त्या सेनापतीच्या मुलखातले पेय सत्तर वर्षांनी त्याच अंगणात सन्मानाने यावे, हा काळाचा विनोद होय. १९२१-२२ च्या सुमारास या पेढीने लागरचा स्वतंत्र विभाग काढला, डेन्मार्कमधून तज्ज्ञ आणला आणि फिकी व गडद अशा दोन्ही तऱ्हेची लागर ‘लंडन लागर’ म्हणून बाजारात आणली. त्या नावातली चतुराई लक्षात घ्यावी. म्युनिक नको, पिल्सेन नको, लंडन! वस्तू तीच, परंतु पासपोर्ट बदललेला.

तिकडे ऑलसॉपची बर्टनमधील यंत्रे उचलून स्कॉटलंडमधील अॅलोआ येथील आर्चिबाल्ड अॅरॉल यांच्या कारखान्यात नेली गेली आणि १९२७ साली तेथून ‘ग्रॅहॅम्स गोल्डन लागर’ निघाली. ज्या यंत्रांनी धन्याला बुडवण्यास हातभार लावला, तीच दुसऱ्या गावी फळाला आली. ग्लासगोत टेनंट, एडिंबरोत जेफ्री, वेल्समध्ये रेक्सम अशी आणखी काही घरे टिकून होती. १९३५ साली वेल्समधील फेलिनफोल कारखान्याने ब्रिटनमधील पहिली डब्यातली बिअर काढली आणि थोड्याच अवधीत लागरही डब्यात भरली जाऊ लागली. परंतु एकंदरीने पाहता लागर ही हॉटेले, आगबोटी, आगगाडीचे भोजनाचे डबे आणि परदेशचा बाजार येथपुरतीच राहिली. सामान्य कामगाराच्या पेल्यात ती उतरली नाही.

का उतरली नाही? सर्वसाधारण उत्तर असे, की इंग्रजाला त्याची जुनी एलच आवडते. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे, आणि त्याची कारणे आम्ही आपल्यापुढे मांडतो.

पहिले कारण भांडवल. एल पंधरवड्यात विकून पैसे मोकळे होत. लागर महिनोन् महिने तळघरात मुरत पडे, आणि तेवढ्या पिंपांना, जागेला, शीतयंत्राला पैसा गुंते. त्यातून ब्रिटनमधील अबकारी १८८० पासून आंबवण्यापूर्वीच्या गोड काढ्याच्या घनतेवर आकारली जात असे. म्हणजे माल विकला जाण्याच्या कितीतरी आधी सरकारचे देणे अंगावर येई. कर ७ शिलिंग असताना हे सोसवले असते. १०० शिलिंग झाल्यावर मुरवण्याची चैन फार थोड्यांना परवडली. १९३१ च्या आर्थिक संकटात त्यावर आणखी ३१ शिलिंग चढले. १९३३ साली नेव्हिल चेंबरलेन यांनी ते उतरवले तेव्हा कोठे धंद्याला श्वास मिळाला.

दुसरे कारण दुकानांची मालकी. इंग्लंडातील बहुतेक पब कारखानदारांच्याच मालकीचे वा त्यांना बांधलेले होते. बांधील पबमध्ये धन्याची बिअर विकायची, परक्याची नाही. मग गिऱ्हाइकाने लागर मागावी कोठे आणि कशी? फार तर मागच्या फळीवरची एखादी बाटली, तीही महाग. शिवाय पबची तळघरे एलला साजेशी होती. लागरला हवा तसा गारवा तेथे नव्हता.

हे केवळ तर्कट नाही, याला स्कॉटलंडची साक्ष आहे. स्कॉटलंडमध्ये बांधील पब थोडे होते, निर्यातीची सवय जुनी होती, आणि आंबवण्याची रीतही इंग्लंडपेक्षा थोडी थंडाव्याची होती. तेथे लागरने पाय रोवले. एकच राजा, एकच कर, जवळजवळ एकच हवामान. परंतु दुकानाचे दार जेथे उघडे होते, तेथे पाहुणा आत आला. सारा दोष जिभेचा असता, तर ट्वीड नदीच्या अल्याडची जीभ आणि पल्याडची जीभ यांत असे अंतर का पडावे?

तिसरे कारण असे, की जुन्या कारखानदारांनी लागरचे गुणच उचलले. थंड करून, गाळून, वायू भरून चकचकीत केलेली बाटलीतली एल त्यांनी बाजारात आणली. लोकांना स्वच्छ, फेसाळ, न बिघडणारी बिअर हवी होती. ती लागरच्या नावावाचून मिळू लागली. १९३३ च्या डिसेंबरात धंद्याच्या संघटनेने बिअरच्या गुणगानाची मोठी मोहीम काढली, पण तीही साऱ्याच बिअरींसाठी होती, लागरसाठी नव्हे.

उत्तरकांड थोडक्यात सांगतो. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या बिअरीत लागर शेकडा एक-दोन एवढीच होती. नंतर कारखान्यांची एकत्रीकरणे झाली, थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हाती हजारो पब आले, नळाशी गारवा देणारी यंत्रे बसली, दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा वर्षाव झाला. १९९० च्या सुमारास लागरचा वाटा निम्म्यावर गेला. अॅलोआची ग्रॅहॅम्स १९५९ साली ‘स्कॉल’ हे नवे नाव घेऊन या लाटेवर स्वार झाली. बार्कली पर्किन्स १९५५ साली करेज या पेढीत विलीन झाली. रेक्समचा कारखाना २००० साली बंद पडला. पुढे २०११ साली त्या नावाने गावात पुन्हा लागर निघू लागली.

पण हा नव्याचा जुन्यावर विजय असे कोणी म्हणेल, तर आम्ही मान हलवणार नाही. जी बांधील दुकाने लागरला ऐंशी वर्षे अडवत होती, तीच पुढे तिला घरोघर पोचवू लागली. आणि आता जुनी एलच दाराबाहेर राहण्याची वेळ आली. म्हणून १९७१ साली एल वाचवण्यासाठी ग्राहकांनाच चळवळ उभारावी लागली. लोकांची जीभ दोन्ही वेळा तीच होती. किल्ली मात्र दुकानदाराच्या कमरेला होती.

म्हणून, श्रोतेहो, एवढेच मागणे आहे. नाटक असो, वर्तमानपत्र असो, की बाजारातला तांदूळ असो, ‘लोकांना हेच आवडते’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, की त्याला दोन प्रश्न विचारावेत. लोकांपुढे दुसरे काही ठेवले होते काय? आणि ज्या फळीवर ते ठेवायचे, ती फळी कोणाची होती? दोन महायुद्धांच्या मधल्या काळात साउथवर्क, अॅलोआ, ग्लासगो आणि रेक्सम येथील मूठभर माणसांनी गिऱ्हाईक नसताना ही विद्या जतन करून ठेवली. त्यांना फळ मिळाले नाही. परंतु पुढे इतरांनी जो मळा पिकवला, त्याचे बियाणे त्यांनी राखलेले होते. इतिहासाने त्यांची तेवढी नोंद ठेवावी, हे न्यायाचे आहे.