दिवसाला एक मिलिमीटर



मज्जातंतूंना पुन्हा वाढायला मदत करणाऱ्या रोपणांवरची ही परिषद रत्नागिरी या बंदराच्या गावी भरतेय, याचा मला विशेष आनंद आहे. अशा रोपणांतल्या काही नळ्या ज्या कायटोसानच्या बनतात, ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून मिळतं. आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यावर कोळंबीला तोटा नाही.

आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा दुचाकीवरून पडलेला तरुण असतो. मानेतून हाताकडे जाणाऱ्या तंतूंचं जाळं खांद्यापाशी तुटलेलं. तंतू वाढतो, पण दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. तळव्यापर्यंत पोचायला दोनेक वर्षं लागणार, आणि इकडे संदेश न मिळालेला स्नायू 12 ते 18 महिन्यांत कायमचा निकामी होऊ लागतो. ‘आपोआप सुधारेल’ या भरवशावर घरी बसलेला मुलगा आठव्या महिन्यात येतो, तेव्हा फार जीव तुटतो.

तुटलेली टोकं नळीनं जोडण्याची कल्पना जुनी आहे. शल्यविशारद ग्लुक यांनी 1880 च्या सुमारास हाडाची नळी वापरून पाहिली होती. आज कोलॅजनच्या नळ्या मिळतात. नळीत आधी द्रव साठतो, मग फायब्रिनचे धागे जुळतात, त्यांवरून तंतूंना आधार देणाऱ्या श्वान पेशी सरकतात आणि त्यांच्या मागोमाग तंतू. अंतर 3 सेंटिमीटरच्या पुढे गेलं की मात्र हा पूल भरवशाचा राहत नाही. मग पोटरीतला तंतू काढून लावावा लागतो आणि पावलाची बाहेरची कड बधिर होते. एका जखमेसाठी दुसरी जखम करणं मला अजून पटत नाही, पण आज तोच उत्तम मार्ग आहे.

म्हणून पदार्थवैज्ञानिकांकडे माझं स्पष्ट मागणं आहे: हा लांब पल्ला गाठणारी आणि जिल्हा रुग्णालयाला परवडणारी नळी द्या. नुसती रिकामी नळी पुरणार नाही, आतून तंतूला दिशा मिळायला हवी.

उद्याचं पहिलं सत्र आम्ही मुद्दाम फिजिओथेरपिस्टना दिलं आहे. महिनोन्‌महिने रुग्णाचा हात त्यांच्या हातात असतो; कुठलं बोट केव्हा हललं, हे आधी त्यांना कळतं. त्या सत्राला सर्वांनी वेळेवर यावं, अशी यजमान म्हणून विनंती करतो.