नोंदींच्या वाटेने एका घराण्याचा शोध
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



अमेरिकेच्या मध्यपश्चिम प्रांतातील एका शिक्षक-धर्मोपदेशक घराण्याची वंशावळ, आणि तिची चर्चा बडोद्याच्या मराठी ग्रंथालयात! विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु ग्रंथालयांच्या संदर्भात अमेरिका हे नाव बडोद्याला परके नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे बोलावून घेतले आणि येथील ग्रंथालयव्यवस्थेचा पाया घातला. आज आपण उलट दिशेने, येथून तिकडे पाहू. सामान्य माणसांचा इतिहास कशाच्या आधारे शिल्लक राहतो आणि तो राखण्यात ग्रंथालयाचा वाटा कोणता, हा माझ्या आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

उदाहरण म्हणून मी ओहायो राज्यातील वूस्टर गावचे कॉम्प्टन घराणे घेतो. एलायस कॉम्प्टन हे प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि वूस्टरच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापक. पुढे ते तेथील अधिष्ठाता झाले. त्यांच्या पत्नी ओटेलिया या ऑग्सपर्गर घराण्यातील, म्हणजे मेनोनाइट पंथाच्या कुळातील. या दांपत्याला तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरले कार्ल १९३० पासून १९४८ पर्यंत मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेचे अध्यक्ष होते. मधले विल्सन १९४४ ते १९५१ या काळात वॉशिंग्टन राज्य महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. धाकटे आर्थर यांना पदार्थविज्ञानातील संशोधनाबद्दल १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९४५ पासून त्यांनी सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपतिपद सांभाळले. तिघांनीही डॉक्टरेट मिळवली ती प्रिन्स्टन विद्यापीठातूनच. कन्या मेरी यांच्याविषयी मी मुद्दाम नंतर बोलणार आहे.

धर्मोपदेशक आणि शिक्षक हे दोन व्यवसाय एकाच घरात कसे नांदले, याचे उत्तर त्या प्रदेशाच्या इतिहासात आहे. १७८७ च्या वायव्य प्रदेश अध्यादेशानंतर तिकडे वसाहत वाढली आणि १८०३ साली ओहायो राज्य झाले. नव्या वस्त्यांना उपदेशक हवे होते, आणि उपदेशक सुशिक्षित असावा असा प्रॉटेस्टंट पंथांचा आग्रह होता. म्हणून चर्चच्या पाठोपाठ महाविद्यालये निघाली. ओबर्लिन १८३३ साली, इलिनॉयमधील नॉक्स १८३७ साली, विस्कॉन्सिनमधील बेलॉइट १८४६ साली निघाले. वूस्टरची स्थापना १८६६ ची. १८७० साली तेथे वर्ग सुरू झाले, तेही पहिल्या दिवसापासून मुलामुलींसाठी एकत्र. रविवारी व्यासपीठावर आणि सोमवारी वर्गात उभा राहणारा माणूस ही त्या समाजातील ओळखीची मूर्ती होती. कीर्तनकाराचा मुलगा शाळामास्तर आणि त्याचा मुलगा प्राध्यापक, अशी घराणी आपणही पाहिली आहेत.

आता शोधाच्या साधनांकडे वळू. पहिले साधन जनगणना. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. १८४० पर्यंतच्या गणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बायकामुले म्हणजे रकान्यातील आकडे. १८५० साली प्रथमच प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय, व्यवसाय आणि जन्मस्थान नोंदले गेले. १८८० च्या गणनेत कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान यांची भर पडली. १९०० साली जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, आईला झालेली अपत्ये आणि त्यांपैकी हयात किती, हेही विचारले गेले. त्या वर्षीची गणना १ जूनच्या स्थितीची. त्या दिवशी कार्ल बारा वर्षांचे, विल्सन नऊ वर्षांचे आणि आर्थर सात वर्षांचे होते. ज्यांची नावे पुढे जगभर झाली, ती या कागदावर केवळ घरातील मुले म्हणून शोधायची असतात. वंशशोधाचा हा पहिला संस्कार: मोठेपण विसरून माणसाकडे पाहायचे.

पण साखळीत एक मोठे भगदाड आहे. १८९० च्या गणनेचे कागद १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टन शहरात लागलेल्या आगीत सापडले, आणि उरलेले पुढे नष्ट केले गेले. सहा कोटींहून अधिक माणसांच्या नोंदींपैकी सहा हजारांच्या आसपास नावे काय ती शिल्लक राहिली. कार्ल यांचा जन्म १८८७ चा, विल्सन यांचा १८९० चा, आर्थर यांचा १८९२ चा. म्हणजे या घराचे बालपण नेमके त्या भगदाडात पडते. अशा वेळी काउंटीच्या न्यायालयाकडे जावे लागते. ओहायोत १८६७ पासून जन्ममृत्यूची नोंद काउंटीच्या प्रोबेट न्यायालयात होत असे. राज्यपातळीवर ती १९०८ च्या डिसेंबरात गेली. त्याआधीच्या पिढीसाठी चर्चमधील बाप्तिस्म्याचे पुस्तक, घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या तारखा आणि थडग्यावरचा दगड, एवढाच आधार.

येथे धर्मोपदेशकाच्या घराला एक लाभ असतो. शेतकरी जमीन विकून पुढे सरकला की त्याचा माग हरवतो. उपदेशक मात्र जेथे जाईल तेथे त्याची नोंद होते. प्रेस्बिटेरियन महासभेच्या वार्षिक इतिवृत्तांत उपदेशकांची नावे आणि त्यांच्याकडील मंडळ्या छापल्या जात. अशी कागदपत्रे सांभाळण्यासाठी त्या पंथाने १८५२ सालीच फिलाडेल्फियात इतिहास मंडळ स्थापन केले. शिक्षकाचेही तसेच. महाविद्यालयाच्या वार्षिक पुस्तिकेत अध्यापकांची यादी असते. माजी विद्यार्थ्यांच्या सूचीत कोण कोठे गेला, कोणाचे कोणाशी लग्न झाले, कोण वारले, हे सापडते. रक्ताच्या नात्याचा धागा तुटतो तेथे संस्थेचा कागद तो पुन्हा जोडून देतो.

नावांच्या वर्णलेखनाचा घोळ हा निराळा अध्याय आहे. ओटेलिया यांचे माहेरचे आडनाव कोणी ऑग्सपर्गर लिही, कोणी ऑग्सबर्गर. गणनाकार कानाने ऐके आणि हाताला येईल तसे लिही. यावर ‘साउंडेक्स’ नावाची पद्धत निघाली. तिचे पहिले पेटंट १९१८ चे. आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवायचे, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराप्रमाणे अंक द्यायचे, एकूण तीन. प आणि ब यांचा अंक एकच, म्हणून वरची दोन्ही रूपे ‘ए-२१६’ या एकाच खान्यात येतात. व्यंजनांना उच्चारस्थानानुसार वर्गांत बसवणाऱ्या आपल्या वर्णमालेच्या अभ्यासकाला ही युक्ती मुळीच अनोळखी वाटणार नाही. मराठी आडनावे गुजराती आणि इंग्रजी दप्तरांत शिरताना जी रूपे घेतात, ती पाहता आपल्यालाही अशा एखाद्या साधनाची गरज आहे.

आता मेरी. मुलींचा माग काढणे हे वंशशोधातील सर्वांत अवघड काम, कारण लग्नानंतर आडनाव बदलते. मेरी यांच्या बाबतीत तर देशही बदलला. त्यांचे लग्न सी. हर्बर्ट राइस या मिशनऱ्यांशी झाले आणि त्या हिंदुस्थानात आल्या. राइस पुढे लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आर्थर हेही १९२६-२७ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात विशेष व्याख्याते म्हणून आले होते. अमेरिकेच्या गणनेत ज्या बाईचे नाव मिळत नाही, तिच्यासाठी मिशनच्या याद्या, पारपत्राचे अर्ज आणि महाविद्यालयाच्या सूच्या धुंडाळाव्या लागतात. तीन भावांची चरित्रे कोणत्याही विश्वकोशात उघडावी. बहिणीचा उल्लेख बहुधा त्यांच्याच चरित्रातील एका वाक्यात येतो. आईचे पाहा. ओटेलिया ज्या संस्थेत शिकल्या, तिनेच १९३३ साली त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि १९३९ साली त्या अमेरिकेची आदर्श माता ठरल्या. गौरव थोर खरा, पण तो मुलांच्या यशातून आईकडे आला. आपले कुलवृत्तांत तरी निराळे काय सांगतात? ज्याला केवळ मुली, त्याच्या नावापुढे रेघ संपते.

वंशावळीचा अभिमान बाळगणाऱ्याने आणखी दोन रिकाम्या जागा पाहिल्या पाहिजेत. १८५० आणि १८६० च्या गणनांत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आणि गुलामांचे वय, लिंग, वर्ण एवढेच, बहुतेकांची नावे नाहीत. काळ्या माणसांच्या वंशजांना बहुधा १८७० च्या मागे जाता येत नाही ते यामुळे. तसेच, ओहायोतील कोणत्याही वसाहतवाल्याच्या जमिनीचा कागद मागे मागे नेला तर तो १७९५ च्या ग्रीनव्हिल तहासारख्या करारांपाशी थांबतो. त्या तहाने मूळ जमातींना बराचसा प्रदेश सोडावा लागला, आणि १८४३ साली वायंडोट लोकांनाही ओहायोतून जावे लागले. ज्याला कागद मिळाला त्याचे घराणे झाले. ज्याचा कागदच केला गेला नाही, त्याचे पूर्वज नव्हते असे मात्र नव्हे.

कॉम्प्टन बंधूंच्या यशाचे कारण त्यांचे रक्त, असे या शोधातून सिद्ध होते काय? माझ्या मते नाही. नोंदी आपल्याला घर दाखवतात: महाविद्यालयाच्या गावातले घर, पुस्तके, शिकवणारे वडील, शिकलेली आई. आर्थर यांच्या मनात तरुणपणी धर्मकार्याचा विचार होता. विज्ञानातूनही तीच सेवा घडेल असा सल्ला त्यांना वडिलांनी दिला. हा वारसा जन्माने मिळत नाही, सहवासाने मिळतो. आणि सहवास ग्रंथालयही देऊ शकते.

म्हणून शेवटी आपल्याकडे येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांची हस्ताक्षरे आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्र संस्थेने १९७७ पासून केले. तिकडच्या माणसांना जे मोलाचे वाटले ते आपण घरी बोहारणीला देतो. मध्यपश्चिमेतीलच इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाचे शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाने १९६१ साली वंशशोधाचा विभाग उघडला आणि आज तो अमेरिकेतील अग्रगण्य संग्रहांपैकी एक आहे. ते काही राजधानीचे ग्रंथालय नव्हे. गावच्या वाचकांचे ग्रंथालय आहे.

कोकणातून, देशावरून येथे आलेल्या आपल्या घराण्यांच्या तीन-चार पिढ्या या मातीत गेल्या. मूळ गाव विसरत चालले, मोडी वाचणारा घरात कोणी उरला नाही. अशा वेळी या ग्रंथालयाच्या कपाटातील जुनी सभासद-पुस्तके, देणगीदारांच्या याद्या, वार्षिक अहवाल यांची किंमत कादंबऱ्यांहून कमी मानू नये. माझी विनंती अशी की शताब्दीच्या वर्षात एक कपाट यासाठी मोकळे करावे. प्रत्येक सभासदाने घरातील लग्नपत्रिका, निधनवार्तांची कात्रणे, जुनी पत्रे, पाठीमागे नावे लिहिलेली छायाचित्रे तेथे द्यावीत. आणि वंशावळ लिहिताना सुनांची माहेरची नावे व मुलींची सासरची नावे अवश्य लिहावीत. घरी राबणाऱ्या, शेत कसणाऱ्या माणसांचीही नावे आठवतील तेवढी लिहावीत. शंभर वर्षांनी येथे कोणी शोध घ्यायला आला, तर त्याला रिकामा रकाना दिसू नये.